शिट्टीवर रचलेली गंजी

आश्विन सरत आला की लोणावळ्याच्या हवेत एक गोडसर, किंचित औषधी वास उतरतो. डोंगरउतारांवरचे गवत कापून पडलेले असते आणि वाळताना ते हा वास सोडते. तो कोणत्या द्रव्याचा, हे मला ठाऊक आहे. माझ्या प्रयोगशाळेत ते द्रव्य पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात एका तपकिरी बाटलीत ठेवलेले असते. बाटलीचे बूच काढले तर मला काहीही आठवत नाही. परंतु दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून निघालेली गाडी घाट चढून खंडाळ्याच्या वर येते आणि खिडकीतून तोच वास डब्यात शिरतो, तेव्हा माझे दोन्ही तळहात मला जाणवू लागतात. दुःख होत नाही, रागही येत नाही. एरवी दिवसभर ज्यांची आठवण नसते, ते तळहात तेवढे जाणवतात. या निरीक्षणापलीकडे मी आजवर गेलेले नाही.

मावळच्या तांदळाचे कौतुक सर्वांना आहे. गवताची आठवण कोणी ठेवत नाही. पण माझ्या लहानपणी दसऱ्यापासून पुढे दोन महिने आमचे गाव गवतावर चाले. मुंबईच्या तबेल्यांना, टांग्याच्या घोड्यांना आणि पलटणीच्या खेचरांना लागणारे गवत आमच्या डोंगरांवरून जाई. कार्ल्याकडून बैलगाड्यांची रांग येई, कुरवंड्याकडून बायका डोक्यावर भारे घेऊन उतरत. स्टेशनामागे, रुळांच्या कडेला, गवताच्या वखारी होत्या. तिथे पेंढ्यांच्या, घरांएवढ्या उंच गंज्या रचल्या जात आणि मग यंत्रात दाबून बांधलेल्या गाठी मालगाडीच्या वाघिणींत चढत. माझे वडील स्टेशनात मालबाबू होते. आमचे रेल्वेचे घर वखारींना लागून असल्यामुळे त्या दिवसांत वाळत घातलेल्या कपड्यांत, पाण्याच्या पिंपात, वरणभातात, सगळीकडे गवताची कुसे सापडत.

कुरवंड्याच्या भागूबाई भारा टाकून आमच्या ओट्यावर टेकत. आई त्यांना ताक देई.

"लय शिकतीस म्हनं तू," त्या मला म्हणत. "लगीन कवा?"

"बी.एस्सी. झाल्यावर."

"आन् तवर त्यो काय करनार?"

"कोण?"

"नवरा गं. का त्यालाबी शाळंत घातलाय?"

आई तोंडाला पदर लावून हसे. मी पुस्तकात डोके घाली. पुढे बंगळूरला संशोधनासाठी जायचे मी तेव्हाच ठरवले होते आणि ही गोष्ट मी घरात फक्त एकाला सांगितली होती: माझ्या धाकट्या भावाला, वसंताला. त्याने ती कोणाला सांगितली नाही. गोष्टी पोटात ठेवणे त्याला जमे. परीक्षा देणे जमत नसे. मॅट्रिकला तो दोनदा नापास झाला होता.

सर्वांत मोठी वखार रहिमानभाईंची. दोन पिढ्यांचे ते लोणावळ्याचेच, घरात मराठी बोलणारे. त्यांचे वृद्ध चुलते उस्मानचाचा वखारीतल्या झोपडीत राहत. एका पायाने अधू असल्यामुळे ते फारसे कुठे जात नसत. त्यांच्याकडे एक काम होते आणि ते पाहायला आम्ही मुले कुंपणावर बसत असू. नव्या गंजीत एक लांब बांबू तिरका खुपसून ठेवलेला असे. रोज सकाळी चाचा तो ओढून काढीत, आत राहिलेल्या टोकावर तळहात ठेवीत आणि डोळे मिटून उभे राहत. याला वखारीत गंजीचा ताप बघणे म्हणत. ताप असला तर गंजी फोडायची, गवत पसरून वारा द्यायचा आणि पुन्हा रचायची.

"चाचा, औषध काय देणार?" वसंता ओरडे.

"तुझ्यासारखी चार पोरं वर नाचायला सोडीन. घाबरून गार पडेल."

ओले गवत दाबून ठेवले तर आतून तापते आणि कधी कधी आपले आपण पेटते, हे त्या गावात गुपित नव्हते. गाडीवानांना, हमालांना, माझ्या आईला, पाटीवर अक्षरे गिरवणाऱ्या पोरांनाही हे माहीत होते. कॉलेजात गेल्यावर मला त्याचे कारण कळले. कापलेले गवत लगेच मरत नाही. काही काळ ते श्वसन करत राहते आणि उष्णता सोडते. त्यानंतर ओलाव्यात वाढणारे सूक्ष्मजंतू तेच काम पुढे नेतात. उष्णतेला बाहेर पडायला वाट नसेल तर ती साठते, आतले गवत काळे पडते आणि मग हवेची एखादी फट मिळाली की ज्वाला उठते. हे मी इतक्या तपशिलाने लिहिते, कारण पुढे सगळ्या गावाने ही गोष्ट एका दुपारी विसरून दाखवली. सर्वांना ठाऊक असलेले सत्य सर्वांच्या डोक्यातून एकाच वेळी कसे पुसले जाते, याचा अभ्यास कोणत्या शास्त्रात येतो, मला सांगता येणार नाही.

गोविंद मास्तर शाळेत कवायत शिकवत. उंच, काटक, आवाज मुद्दाम हळू. एका मुलाला बेदम मारल्यावरून त्यांची नोकरी गेली, तेव्हा त्यांनी बाजाराच्या मैदानावर रविवारची कवायत सुरू केली. आरंभी दहा-बारा मुले होती. मग काठ्या आल्या, करड्या टोप्या आल्या, गळ्यात शिट्ट्या आल्या. मुले रांगेने कार्ल्यापर्यंत चालत जात आणि परत येत. वाटेत म्हाताऱ्या बायका त्यांच्यावरून कडाकडा बोटे मोडून दृष्ट काढत. मास्तरांनी स्वतःला सरनौबत म्हणवून घेतले आणि कोणी हसले नाही. पथकाच्या सभेत ते म्हणत की आपला देश आपल्याच घरात भाडेकरू झाला आहे. कोणामुळे, हे ते पहिल्या वर्षी सांगत नसत. दुसऱ्या वर्षी सांगू लागले.

त्यांनी लोकांना नवे असे काहीच दिले नाही, हे मला आज स्पष्ट दिसते. गवताचा भाव पडल्याची चिडचिड, नापास झाल्याची शरम, मुंबईला जाऊन रिकाम्या हाताने परतल्याची खंत, हे सगळे गावात आधीपासून विखुरलेले होते. मास्तरांनी त्या सगळ्याला एक पत्ता दिला. तो पत्ता रहिमानभाईंच्या वखारीचा होता.

वसंताला त्यांनी नाईक केले.

"नाईक म्हणजे काय रे?" मी विचारले.

"दहा जणांवरचा."

"आणि तुझ्यावर कोण?"

"हवालदार."

"आणि हवालदारावर?"

"ताई, तुझी टिंगल करायची खोड जाणार नाही. तुला बक्षिसं मिळतात, आई ती कपाटात मांडते. मला पहिल्यांदा काहीतरी मिळालंय."

वडिलांनी एकदा त्याला पथकात जाण्यास बंदी केली, दुसऱ्या दिवशी स्वतः मास्तर घरी आले, वडिलांच्या पाया पडले आणि म्हणाले, "आपला मुलगा हिरा आहे. आपण पैलू पाडायचे सोडून देऊ नका." कोणी वसंताला हिरा म्हणाल्याचे आमच्या घराने प्रथमच ऐकले. आईने मास्तरांना चहा दिला. बंदी उठली.

त्यानंतरच्या गवताच्या हंगामात पथकाने स्वतःची वखार काढली. रहिमानभाईंना गवत घालायचे नाही, असा हुकूम गावोगाव फिरला. भागूबाईंनाही तो सांगितला गेला.

"आमाला काय," त्या आईला म्हणाल्या. "भारा उतरला की मान मोकळी. पन रहिमानभाईनं कदी मापात खोट न्हाई केली. ह्ये पोरं तर भारा वळखतबी न्हाईत, निस्ती शिटी फुकत्यात."

त्या वर्षी परतीचा पाऊस रेंगाळला. दसरा झाला तरी संध्याकाळी सरी येत. गवत पुरते वाळत नव्हते, पण पथकाच्या वखारीला घाई होती. आपल्या हातून पहिली वाघीण भरून जावी, असे मास्तरांना वाटत होते. गंजी रचण्याचे काम मी आमच्या मागच्या दारातून पाहिले. ती शिट्टीवर रचली गेली. एक शिट्टी, पेंढ्या वर. दुसरी शिट्टी, थर सरळ. तिसरी शिट्टी, पंधरा-वीस मुले त्या थरावर पाय आपटत कवायत करीत आणि गवत दाबून सपाट करीत. रहिमानभाईंच्या गंज्या गोलसर आणि थोड्या विस्कटलेल्या असत. ही चौकोनी होती, कोपरे ओळंब्यात, फटीचा मागमूस नाही. इतकी देखणी गंजी लोणावळ्याने पाहिली नव्हती. लोक मुलाबाळांना घेऊन ती बघायला येत. बांबू खुपसायचे कोणी नाव काढले नाही, कारण ती चाल पलीकडच्या वखारीची होती.

त्याच संध्याकाळी जेवताना वसंता म्हणाला, "उस्मानचाचा कुंपणाशी आले होते. म्हणाले, असं दाबाल तर पेटेल ती."

"बरोबर आहे त्यांचं," वडील म्हणाले.

"मी उद्या मास्तरांना सांगतो."

त्याने सांगितले, ते प्रामाणिकपणे, सूचना म्हणून. मास्तरांनी त्याला सभेत उभे केले आणि विचारले, "काय म्हणाला तो म्हातारा? सर्वांना ऐकू जाऊ दे." वसंता म्हणाला, "गंजी पेटेल म्हणाले." मास्तर हळू आवाजात म्हणाले, "ऐकलंत?" एवढेच. मी तिथे नव्हते. पण ज्यांनी ज्यांनी मला हा प्रसंग नंतर सांगितला, त्या प्रत्येकाने मास्तरांचा तो शब्द त्याच हळू आवाजात म्हणून दाखवला.

काही दिवसांनी, एका गार सकाळी, त्या चौकोनी गंजीच्या माथ्यावर मला वाफ दिसली. धुके नव्हे, धुके सगळीकडे असते, ही एकाच जागेवरून उठत होती. मी सुट्टीवर घरी होते. चालत गेले, गंजीच्या कडेतून हात आत घातला. कोपरापर्यंत ऊब होती. पुढे रेटला तेव्हा हात ठेवता येईना. वास करपलेल्या गुळासारखा होता. मी तशीच मास्तरांकडे गेले. ते अंगणात सूर्यनमस्कार घालून उभे होते.

"मास्तर, गंजी आतून तापली आहे. आजच फोडायला हवी. सावकाश, पाणी जवळ ठेवून."

त्यांनी नीट ऐकून घेतले. मग म्हणाले, "आपण विदुषी आहात. पण त्या म्हाताऱ्याचंच वाक्य आपण मला शास्त्राच्या भाषेत सांगता आहात."

"वाक्य कोणाचं हा प्रश्न नाही. हात घालून पाहा."

"मुलांनी घाम गाळून रचली आहे ती. मी ती फोडली तर त्यांना काय सांगू? की पलीकडचे शहाणे निघाले?" आणि हात जोडून म्हणाले, "आईंना नमस्कार सांगा."

वाटेत वसंता भेटला, त्यालाही मी सर्व सांगितले. "मास्तर बघतील," तो म्हणाला. वडिलांनी स्टेशनमास्तरांना सांगून पाण्याची टाकी वखारीलगतच्या रुळावर आणून ठेवण्याची खटपट केली. ती पोहोचण्यापूर्वीच, ऐन दुपारी वारा सुटला आणि गंजी पेटली.

ती आग मी पाहिली आहे. तिचे वर्णन मात्र माझ्याकडून होत नाही. घडले ते क्रमाने सांगता येते. मास्तर आले, आगीकडे पाहिले आणि म्हणाले, "धमकी खरी केली त्यांनी." जमलेल्या लोकांत गाडीवान होते, हमाल होते, जन्मभर गवत हाताळलेली माणसे होती. कोणीही म्हणाले नाही की ओल्या गवताची गंजी पेटते. मी ते म्हणाले, तर शेजारच्या बाईने माझा दंड धरून मला मागे ओढले आणि पुटपुटली, "गप की गं." ऊन कलायच्या सुमारास शिट्टी वाजली. पथक रहिमानभाईंच्या वखारीवर गेले. वसंताला फाटकावर उभे केले होते. कडी बाहेरून लावायची आणि कोणाला आत जाऊ द्यायचे नाही, हा त्याला हुकूम. आतल्या गंज्या पेटवल्या गेल्या, तेव्हा रहिमानभाई आणि त्यांची माणसे मागच्या बाजूने रुळांवर निसटली. उस्मानचाचा झोपडीत होते. एका पायाने अधू माणसाला बाहेर पडायला जितका वेळ लागतो, तितका त्यांना मिळाला नाही.

रात्री आई वसंताला जेव म्हणाली, तो जेवला. सकाळी पोलिस आले तेव्हा तो दात घासत होता.

खटला पुण्याच्या सेशन्स कोर्टात चालला. मास्तर आणि पथकातली मुले एकाच पिंजऱ्यात. मुलांच्या वकिलांनी आमच्या घरी येऊन आईवडिलांना स्पष्ट सांगितले: पहिली आग पलीकडच्यांनी लावली असे कोर्टाला वाटले, तर मुलांचे कृत्य रागाच्या भरातले ठरेल आणि शिक्षा सौम्य होईल, मास्तरांनी हुकूम दिल्याचे कोणी मुलगा सांगणार नाही, म्हणून ते सुटतील. प्रश्न तुमच्या मुलीचा आहे. तिने गंजी गरम होती म्हणून सांगितले, तर राग आला कशाचा हेच उरत नाही. आणि तिने मास्तरांना सकाळीच बजावले होते म्हणून सांगितले, तर मास्तर खोटे बोलले हे ठरते; पण त्यांच्याबरोबर तुमचा मुलगाही बुडतो.

"ती बोलणार नाही," आई म्हणाली.

वकील गेल्यावर आईने मला जवळ बसवून घेतले. "तू बंगळूरला जा. मी अडवत नाही. उद्याच जा. पण त्याला तुरुंगात घालून जाऊ नकोस."

"आई, मी गप्प बसले तर तो दोन वर्षांत सुटेल आणि सरळ मास्तरांच्या दारात जाईल. आपल्याला तो कधीच मिळणार नाही."

"जिवंत असेल की."

"उस्मानचाचा नाहीत."

आई माझ्याकडे बघत राहिली. तिने चाचांना ओट्यावरून कितीदा ताक दिले होते, ते ती आठवत असावी, असे मला वाटले. कदाचित ती काहीच आठवत नसेल.

उस्मानचाचांचा जीव परत येणार नव्हता. परत मिळण्यासारखे एकच काही उरले होते, ते म्हणजे माझा भाऊ. आणि तो तुरुंगातून नव्हे, त्या माणसाकडून परत हवा होता. मी साक्ष दिली. बचावाच्या वकिलांनी विचारले, "बाई, आपण कॉलेजात काचेच्या नळ्या हाताळता. गवताचं आपल्याला काय कळतं?" मी म्हणाले, "मी हात घातला होता." कोर्टात कोणीतरी हसले. मग त्यांनी विचारले, आरोपी क्रमांक एक, म्हणजे मास्तर, यांच्याबद्दल आपल्या मनात राग आहे का. मी म्हणाले, आहे. गंजी गरम असण्याशी त्याचा संबंध नाही. वसंता पिंजऱ्यात होता. त्याची जबानी झाली तेव्हा तो एवढेच म्हणाला की म्हाताऱ्याने धमकी दिली होती. मास्तरांनी शेवटी उभे राहून मला नमस्कार केला. वर्तमानपत्रांत तेवढेच छापून आले.

मास्तरांना दीर्घ मुदतीची सक्तमजुरी झाली. हुकूम त्यांचाच होता, हे एका घाबरलेल्या मुलाने अखेरीस कबूल केले आणि माझ्या साक्षीने त्याला आधार दिला. वसंतालाही कित्येक वर्षांची शिक्षा झाली. निकाल ऐकून मी कोर्टाच्या पायऱ्या उतरले, चहा घेतला, चहा गोड होता. तेव्हापासून मला जे वाटायला हवे ते वाटत नाही. एखाद्या उपकरणाचा काटा अडकावा तसे झाले आहे. मी त्या उपकरणाला ठोकून पाहिले आहे. काटा हलत नाही.

रहिमानभाई वखार विकून घोरावाडीला भावाकडे गेले. बंगळूरला निघण्यापूर्वी मी त्यांना भेटायला गेले होते. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली. मग म्हणाले, "तुमच्या भावाला चाचा गाडीत घालून कार्ल्याला न्यायचे, लहानपणी. परत येताना तो गवतावर झोपायचा. चाचा म्हणायचे, याला हलवू नका रे." त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. तो असता तर मला सोपे गेले असते.

बंगळूरची माझी वर्षे चांगली गेली. कामाच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. तिथे मी जळण्याच्याच प्रश्नांवर संशोधन केले. विषय मी निवडला नव्हता, मिळाला. महायुद्ध सुरू झाले, संपले आणि मी मुंबईच्या प्रयोगशाळेत आले. वडील त्या काळात गेले. वसंता सुटून घरी आला आणि चिक्कीच्या एका दुकानात गूळ कढवायला लागला. मी सुट्टीत आले की आम्ही बोलत असू: दुकानाबद्दल, आईच्या गुडघ्यांबद्दल. त्या हंगामाबद्दल तो कधी बोलला नाही. शिट्टी कुठे ऐकू आली की त्याची मान वळे, आणि ती वळते हे त्याला कळत नसे.

यंदा दिवाळीला घरी आले तेव्हा मास्तरही सुटून आले होते. प्रकृतीच्या कारणावरून मुदतीआधी सोडले म्हणे. प्रकृती छान होती. बाजाराच्या मैदानावर त्यांचा सत्कार ठरला होता. पथकातले दोन जुने सोबती आमंत्रण घेऊन ओट्यावर आले. आता दोघांचीही पोटे सुटली आहेत.

"वसंतराव, पहिला हार तुमचा."

"दुकान आहे मला."

"दुकान काय, रोजचंच आहे. सरनौबत स्वतः म्हणाले, वसंताला आणा. आत गेला, पण तोंड उघडलं नाही त्यानं." आणि माझ्याकडे न बघता दुसरा म्हणाला, "घरातच तोंडं उघडणारी असूनसुद्धा."

"चहा घेणार का?" मी विचारले.

"नको. तुमच्या हाताला सगळं गरमच लागतं," तो म्हणाला, आणि दोघेही हसले.

सत्काराच्या संध्याकाळी वसंता दुकानातून लवकर आला. न्हाणीच्या दगडावर बसून हातांना चिकटलेला गूळ घासत होता. मी पाणी ओतत होते.

"ताई, त्या दिवशी गंजी खरंच गरम होती?"

"हो."

"किती?"

"हात ठेवता येत नव्हता."

त्याने थोडा वेळ नखे घासली. "मला वाटायचं, तू त्यांच्यावरच्या रागानं बोललीस."

"राग होता. गंजीही गरम होती."

"कोर्टातसुद्धा अशीच बोलली होतीस," तो म्हणाला आणि किंचित हसला. मग पाण्याकडे बघत म्हणाला, "चाचा हसत बोलले होते गं. तंबाखू मळत होते. पेटेल म्हणाले, आणि मग म्हणाले, मी येऊ का बघायला? बांबू घेऊन येतो म्हणाले. ते शेवटचं मी कोणालाच सांगितलं नाही. तुम्हालासुद्धा नाही, त्या दिवशी जेवताना. मला वाटलं, ते येऊन बघणार, आणि पोरं मला हसणार. नाइकाच्या गंजीचा ताप बघायला पलीकडचा म्हातारा."

अशा वेळी माणूस भावाच्या खांद्यावर हात ठेवतो. मला ते सुचले, पण तांब्या हातात होता, आणि तो खाली ठेवायला हवा हे सुचेपर्यंत वसंता उठला होता. त्याने धुतलेला सदरा घातला. करडी टोपी खुंटीवर होती, ती तशीच राहिली.

"मफलर घे," मी म्हणाले. "गार आहे."

मैदान आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि आता सभांना कर्णे असतात. एक कर्णा आमच्या बाजूच्या झाडावर बांधला होता. आई भाकऱ्या करत होती. मी तिच्याजवळ बसले होते. भाषणे झाली. मास्तरांच्या त्यागाबद्दल कोणी तरी बराच वेळ बोलले. मग वसंताचे नाव पुकारले गेले आणि टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्या तरी काही ऐकू येईना. आईचा हात परातीत थांबला.

"मला बोलायची सवय नाही," कर्ण्यातून वसंताचा आवाज आला. घरात बोलतो त्यापेक्षा बारीक. "हार मी घालणार नाही. उस्मानचाचांनी धमकी दिली नव्हती. गंजीचा ताप बघायला येऊ का, असं विचारलं होतं. ते मी सांगितलं नाही. मी सांगितलं असतं, तर..." मध्येच कोणी तरी काही बोलले. वसंताचा आवाज पुन्हा आला, आता जवळून, घाईने. "गंजी आपली आपण पेटली. मास्तरांना सकाळीच कळलं होतं. मास्तर, सांगा ना यांना. तुम्हाला ताईनं..."

वसंता त्यांना ‘मास्तर’ म्हणाला. त्या मैदानावर त्यांना सरनौबत सोडून दुसरे काही म्हटल्याचे मी प्रथमच ऐकत होते. कर्ण्यात खरखर झाली, काहीतरी आपटल्यासारखा आवाज आला आणि मग कर्णा बंद झाला. कर्णा बंद झाल्यावरही मैदानावरचा गोंगाट येतच होता, आता नुसता हवेतून.

तव्यावरची भाकरी करपू लागली. आईने ती उतरवली नाही.

"मारतील त्याला," ती म्हणाली.

"हो."

"मग बसलीस काय?"

मी उठेपर्यंत ती उंबरा ओलांडून गेली होती. हाताला पीठ तसेच, पायांत चपला नाहीत. गुडघ्यांमुळे गेली दोन वर्षे अंगणापलीकडे न गेलेली माझी आई माझ्यापुढे झपाझपा चालली होती. मैदानाकडून घाईने परतणारे लोक तिला वाट देत बाजूला होत होते, आणि ती कोणाकडेही न बघता एकच विचारत होती, "वसंता कुठाय? माझा वसंता कुठाय?"